जयसिंगची कमाई

पौडच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून अ‍ॅडव्होकेट मेधाचं एका खोलीचं ऑफिस होतं. येणारी कामं बहुतेक जमिनीची असायची. सातबारा, वाटण्या, हिंजवडीच्या बाजूला चढलेले भाव. २००७च्या जूनमध्ये भरे गावच्या भीमाबाई आल्या, तेव्हाही मेधाला वाटलं, बांधाचंच भांडण असणार.

भीमाबाईंनी पिशवीतून चार घड्या केलेलं एक साप्ताहिक काढून टेबलावर ठेवलं. "पुतण्यानं वाचून दावलं. ह्ये बंद व्हायला पायजे, वकीलबाई."

पानावर जयसिंगचा फोटो होता. पंधरा वर्षांपूर्वी त्याने भीमाबाईंच्या एकुलत्या एक मुलीला, प्रियदर्शिनीला, विहिरीत ढकललं होतं. तिने लग्नाला नकार दिला, एवढंच कारण. तिचं वय बावीस. चौदा वर्षं शिक्षा भोगून तो आता घोटावड्यात राहत होता आणि आपल्या गुन्ह्याची हकिगत दर आठवड्याला सांगत होता. वीस भाग ठरले होते, नंतर पुस्तक. साप्ताहिक हातोहात खपत होतं.

"मावशी, गुन्हेगारानं स्वतःच्या गुन्ह्याची गोष्ट विकून पैसा करू नये, असा सरळ कायदा आपल्याकडे नाही," मेधा म्हणाली. "काही देशांत आहे. आपल्याला दुसऱ्या वाटेनं जावं लागेल."

"जावा की मग. माझी पोरगी त्यानं एकदा खाल्ली. आता तिच्यावर प्वाट भरतुया."

कोर्टाला मुलगी कोण होती ते कळायला हवं, म्हणून मेधाने भीमाबाईंना बोलतं केलं आणि वहीत टिपून घेतलं. चिंचोके भाजून फ्रॉकच्या खिशात ठेवायची. गोवर आला तेव्हा कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलेली. सहा वर्षांची असताना, केस कापले की दुखतं का हे बघायला तिने स्वतःची एक वेणी कापली होती. बाप रागीट, म्हणून भीमाबाईंनी महिनाभर तिच्या डोक्याला फडकं बांधून ठेवलं आणि ती कापलेली वेणी चुलीत घातली. "मालक मरंस्तवर त्यास्नी कळलं न्हाई. आज तुमालाच पयल्यांदा सांगतीया," असं म्हणून भीमाबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि तशाच रडल्या.

दावा दाखल झाला. निकाल लागेपर्यंत जयसिंगला मिळणारा सगळा मोबदला कोर्टात जमा करावा, असा तात्पुरता हुकूम झाला. जयसिंगच्या वकिलाने हरकतही घेतली नाही. मेधाला ते जरा विचित्रच वाटलं.

त्या दिवशी व्हरांड्यात जयसिंग स्वतःहून तिच्यापुढे येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, वाळलेला माणूस.

"पैसं नकोत मला, बाई. कायमचं लिहून द्यायला तयार हाय."

"मग छापता कशाला?"

"लोक वाचत्यात." तो जमिनीकडे बघत होता. "तुरुंगात चौदा वर्सं डोळ्यापुढं निस्तं तिचं मरान व्हतं. आता सांगाय लागलो, तसं मागलं बी दिसाया लागलं."

"मागलं म्हणजे?"

त्याने गुडघ्याच्या उंचीवर तळहात धरला. "एवढी व्हती तवाचं."

आठव्या भागात वेणी आली. कापलेली वेणी, डोक्याचं फडकं, चूल. मेधाने तो मजकूर दोनदा वाचला. तिची वही कपाटात कुलपात होती. दाव्याच्या कागदांत वेणीबद्दल अक्षरही नव्हतं. तिने भीमाबाईंना बोलावून घेतलं.

"मावशी, हे तुम्ही कुणाजवळ बोललात?"

भीमाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "वेनी? न्हाई बाई. आसं काय झाल्यालं मला आठवत न्हाई."

"तुम्हीच मला सांगितलंत. इथंच बसून."

"मी?"

पुढच्या भागात गोवर आला, त्याच्या पुढच्यात चिंचोके. दर भागानंतर मेधा विचारायची आणि भीमाबाई आधी थोडं थांबून, मग नकारार्थी मान हलवायच्या. मेधाने त्यांना पिरंगुटला डॉक्टरांकडे नेलं. म्हैस कुठल्या साली घेतली, जावेचं माहेर कुठलं, मागच्या पंचायतीला कोण किती मतांनी पडलं, सगळं त्यांनी धडाधड सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बाईंची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे.

सुनावणी लागली, तोवर अठरा भाग छापून झाले होते.

भीमाबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. नवं लुगडं, केस चापूनचोपून बसवलेले. स्वतःचं नाव, गाव, वय त्यांनी खणखणीत सांगितलं.

"मयत मुलगी तुमची कोण?" मेधाने विचारलं.

भीमाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"तिचं नाव सांगा."

वर पंखा फिरत होता. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"मावशी, नाव."

भीमाबाईंचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "पिरी."

जयसिंग होता तो. कुणाला उद्देशून बोलला नव्हता. खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसत होता. हे घरातलं लाडाचं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं. मेधाच्या वहीतसुद्धा नव्हतं.

भीमाबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. कुणाच्या दुखवट्याला गेल्यावर आपण त्या घरच्या माणसाकडे बघतो, तसं त्या बघत होत्या.

शाळेचा दाखला आणि जुन्या खटल्याचे कागद यांवर आई-मुलीचं नातं शाबीत करायचं काम भागलं. महिन्याभराने निकाल लागला. छपाई बंद, पुस्तक बंद, जमा झालेली सगळी रक्कम मयताच्या आईला. पौडच्या वकिलांनी मेधाचं अभिनंदन केलं.

पावतीचा कागद घेऊन ती भऱ्याला गेली. दुपारची वेळ होती. भीमाबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. अंगाने भरल्या होत्या, चेहऱ्यावर तकाकी आली होती. आता रोज झोप चांगली लागते म्हणाल्या. आत भिंतीवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी प्रियदर्शिनीचा फोटो होता.

"तो व्हय? मालकांच्या येळंपासनं हाय. कुनाचा हाय ठावं न्हाई. चेहरा गुनाचा दिसतुया, म्हनून ऱ्हाऊ दिला."

मेधाने कागद पुढे केला. भीमाबाईंनी तो पुतण्याकडून वाचून घेतला आणि परत तिच्या हातात दिला.

"वकीलबाई, तुमी माझ्यासाटनं लई केलंत. पन दुसऱ्याच्या लेकीचा पैसा मी कसा घिऊ?"

मेधाने पर्समधून ती वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. गोवर, कडुनिंबाचा पाला, चिंचोके, वेणी, चूल. पानं संपेपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

भीमाबाई सूप बाजूला ठेवून ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी पदराने डोळेही टिपले. मेधा थांबल्यावर त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"लई वंगाळ झालं," त्या म्हणाल्या. "तिची आई हाय का वं अजून?"