पाठमोरा

तानाबाई आली तेव्हा उकंडराव दुकानासमोर पाणी शिंपडत होते. अमडापुरात उन्हाळ्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. ती पदर पुढं ओढून सावलीत उभी राहिली. तिचा नवरा पुंजाजी गेला त्याला आठवडा झाला होता.

"भाऊ, आमच्या बुढ्याचं तोंड पाह्यजे," ती म्हणाली. "तेरवीले फोटो ठेवा लागते. घरात एकबी नाई."

हे मागणं नवं नव्हतं. गावात बऱ्याच माणसांचा जन्मात एकही फोटो निघत नाही. मग माणूस गेला की घरचे लोक विचारत येतात, कोणाच्या लग्नात, कोणाच्या बारशात आमचा माणूस आलाय का पाहा. चांगलं तोंड सापडलं की तेवढंच उचलून त्याचा फोटो करायचा, त्याला हार घालायचा.

दुकान शेखरचं. उकंडरावांचा एकुलता पोरगा. लग्नाची शूटिंग करायचा. शिवाय लोकांचे मोबाईल भरले की ते त्याच्याकडं आणून रिकामे करत. जावळ, घरभरणी, पोळ्याचे बैल, पोरांची पहिली पावलं, सगळं तो आपल्या हार्डडिस्कांत ठेवून घ्यायचा. उकंडराव त्यांना डबे म्हणत. मागच्या थंडीत शेखर खानदेशाकडं एका लग्नाच्या ऑर्डरीला गेला. लग्न पार पडलं, तो तिथून निघाला, इथवर पक्कं. घरी पोचला नाही. फोन बंद. कॅमेऱ्याची बॅगही सापडली नाही. पोलीस म्हणाले, जाणता माणूस आहे, येईल.

उकंडरावांनी दुकान बंद पडू दिलं नाही. लोक मोबाईल घेऊन येतच राहिले, डबे भरतच राहिले. पोरगा आला म्हणजे त्याला सगळं जागच्या जागी सापडलं पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात. त्यांची शाळा चौथीपर्यंतची. इंग्रजी नावं वाचता येत नव्हती. म्हणून ते एकेक व्हिडिओ लावून पाहत आणि त्याला मराठीत नाव देत. एका बोटानं टाइप करायला शेखरनंच शिकवलं होतं. नावात दोनच गोष्टी असत. माणूस कोण आणि तोंड किती दिसतं. पूर्ण तोंड. अर्धं तोंड. मान खाली. पाठमोरा. लोकांना पुढं तोंडच लागतं, हे त्यांना कळून चुकलं होतं. असलेल्यांचा कप्पा वेगळा, गेलेल्यांचा वेगळा.

"पुंजाजी, पंगतीत, मान खाली," उकंडरावांनी नाव वाचलं. "एवढाच आहे, तानाबाई. तोंड नाही दिसणार."

"लावा तं खरं."

त्यांनी लावला. मांडवात पंगत बसलेली. वाढपी धावतायत. सगळे खाली पाहून जेवतायत. पुंजाजी मात्र हात पत्रावळीत तसाच ठेवून, मान वर करून, थेट समोर पाहत होता. कॅमेरा त्याच्यावरून पुढं सरकला तरी त्याची नजर कॅमेऱ्यासोबत सरकली.

तानाबाई पाहत राहिली. मग म्हणाली, "जिता होता तवा माझ्याकडं कधी इतकं निरखून पाह्यलं नाई मेल्यानं." आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

उकंडरावांनी तिला फोटो करून दिला. आपणच नाव चुकीचं दिलं असेल, असं मनाशी म्हटलं. पण चूक करायची त्यांना सवय नव्हती, आणि ती गोष्ट घशात अडकलेल्या कुसळासारखी टोचत राहिली.

पुढं प्रेमानंदचं झालं. टपाल वाटणारा प्रेमानंद, बुलडाण्याला दवाखान्यात होता. त्याच्या पुतण्याच्या लग्नातला व्हिडिओ उकंडरावांकडं होता, 'अर्धं तोंड' नावाचा. सकाळी दुसरंच काही शोधताना तो हाताखाली आला. प्रेमानंद पूर्ण वळून समोर पाहत होता. न हसता, न रागावता. रस्त्यात कोणाची वाट पाहत उभा राहिलेला माणूस पाहतो तसा. दुपारी गावात बातमी आली, प्रेमानंद सकाळीच गेला.

त्यानंतर उकंडरावांनी गेलेल्यांचा कप्पा उघडला आणि एकेक व्हिडिओ लावला. कोणी जात्यावर बसलेली, कोणी बैलाला झूल घालणारा, कोणी अंगणात खाटेवर निजलेला. नाव 'मान खाली' असो की 'अर्धं तोंड', सगळे समोर पाहत होते. खाटेवरच्या म्हाताऱ्याचेही डोळे उघडे होते. पंखा फिरत होता, तरी दुकानात वाळलेल्या झेंडूचा वास साचला होता.

मग त्यांनी असलेल्यांच्या कप्प्यातला तो एक व्हिडिओ लावला.

शेखर जन्मभर दुसऱ्यांना टिपत राहिला. त्याचा स्वतःचा व्हिडिओ एकच. दसऱ्याच्या दिवशी त्याच्या आईनं, कौशल्याबाईंनी, हौसेनं कॅमेरा हातात घेतला होता. दुकानाचं दार उघडं, आत अंधार, शेखर स्टुलावर चढून चौकटीला तोरण बांधतोय. कॅमेऱ्याकडं पाठ. कौशल्याबाईंचा आवाज येतो, "शेखर, इकडे पाह्य नं रे." तो म्हणतो, "थांब नं माय, हात गुतले." एवढाच.

पाठ होती. पाठच होती. उकंडरावांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. पाठमोरा आहे तोवर पोरगा आहे.

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की ते दुकानात जात, तो व्हिडिओ लावत, पाठ पाहत आणि बंद करत. बायकोला काही सांगितलं नाही. सांगायचं तर पोराचं नाव गेलेल्यांच्या सोबत घ्यावं लागलं असतं.

एके दिवशी बाजारातून परतताना त्यांना दुकानातून कौशल्याबाईंचा आवाज आला. एकदा नाही, दोनदा. एक आवाज डब्यातला, एक जिता.

"इकडे पाह्य नं रे... इकडे पाह्य, बाळा."

ते आत गेले. कौशल्याबाई पडद्याला नाक लावून बसल्या होत्या.

"तुले कोनं लावून दिला?"

"तुमी लावता ते रोज खिडकीतून पाह्यते मी. तेवढं समजते मले." त्यांनी वळून पाहिलं. तोंड उजळलं होतं. "आयका नं, आज कान दिसला त्याचा."

"काहीतरी नको बोलू."

"पाहा तं खरं! काल निसता खांदा फिरला होता. आज कान हाय. आधार कार्डावरचा फोटो तं चोरासारखा आला त्याचा. मले चालतं-बोलतं तोंड पाह्यजे एकदा. बलावते मी रोज. माय बलावते तं येईनच नं तो?"

उकंडरावांनी पाहिलं. तोरणाकडं वर केलेले हात तसेच होते, पण मान फिरली होती. डावा कान आणि गालाची कड दिसत होती.

त्यांनी वायर उपटली. दुकानाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला करगोट्यात अडकवली.

"काऊन?" कौशल्याबाई मागं मागं आल्या. "मले सांगा तं, काऊन?"

"डोळे खराब होतात."

"माह्ये डोळे कोनाले पाह्यजेत आता?"

त्या दिवसापासून कौशल्याबाई जेवेनात. ताटावर बसत, भाकरी मोडत आणि उठून जात. दुपारी कुलपाशी जाऊन बसत. दाराला कान लावून ऐकत. एकदा उकंडरावांनीही ऐकलं. आत सगळं बंद होतं, तरी स्टूल हलल्यासारखा लाकडाचा आवाज आला. उंदीर असतील, असं म्हणून ते निघाले, आणि ओसरीपर्यंत यायला त्यांना फार वेळ लागला.

तो व्हिडिओ पुसून टाकावा, असं त्यांच्या मनात आलं. बटणावर बोट ठेवूनही पाहिलं. पण पुसल्यावर पोरगा आहे की नाही, हे कोणाला विचारायचं? मग एकच राहत होतं. खऱ्या पोराला शोधायचं, मान पूर्ण वळायच्या आत. कोणाच्या दारात विचारायला जाणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. तरी ते एसटीत बसले. लग्न झालं त्या गावी गेले. वाटेतल्या फाट्यांवर उतरले, चहावाल्यांना, ट्रकवाल्यांना, पंक्चर काढणाऱ्यांना विचारलं. "काळी बॅग होती खांद्याला. उंचापुरा. शेखर नाव." लोक बरे होते. खुर्ची देत, पाणी देत, मान हलवत.

परत आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. दुकानाचं दार उघडं होतं. कोयंडा उखडलेला, खाली पहार पडलेली. ज्या बाईला हंडा उचलताना धाप लागायची, तिनं पहार चालवली होती.

कौशल्याबाई चुलीपाशी होत्या. न्हालेल्या, केस विंचरलेले. कितीक महिन्यांनी त्यांनी पुरणाचा घाट घातला होता.

"हातपाय धुवा," त्या म्हणाल्या. "जेवून घ्या."

"तू दार फोडलं?"

"हाव."

"अन्..."

"पाह्यलं. पूर्न फिरला." त्या पोळी भाजत राहिल्या. "दाढी वाढली. वाळला बिचारा. इथं, भुवईच्या वर, मोठी खोक हाय. रगत वाळून काळं पडलं. एक डोळा उघडत नाई त्याले."

उकंडराव उंबऱ्यावरच खाली बसले. दसऱ्याला पोराच्या कपाळावर ओरखडाही नव्हता. सकाळीच दाढी करून तो आईच्या पाया पडला होता.

"तुले माहीत नव्हतं," ते म्हणाले, "फिरल्याचा अर्थ..."

"तानाबाईनं सांगतलं होतं मले पुंजाजीचं. प्रेमानंदाचं तुमच्या तोंडावर वाचलं."

"मग काऊन बलावलं, शेखरच्या माय? काऊन बलावलं त्याले?"

कौशल्याबाईंनी पोळी उतरवली. तूप सोडलं.

"तो थंडीतच गेला हो," त्या हळूच म्हणाल्या. "ते रगत आजचं नाई. असं तोंड घेऊन मायबापासमोर कसं उभं राहाव, म्हून पाठ करून उभा होता लेकरू. हात भरून आले असतीन त्याचे. थांब म्हने, हात गुतले. किती दिवस गुतवून ठेवाव आपन त्याले?"

उकंडराव रडले नाहीत. त्यांनी हातपाय धुतले, पानावर बसले, पहिला घास काढून बाजूला ठेवला. पोरासाठी घास काढायची ती पहिली वेळ. घास पानाशेजारी पडून राहिला आणि तिकडं पाहायचं दोघांनीही टाळलं.

जेवण झाल्यावर ते उठले. "मी पाहून येतो."

"आता कशाले?"

"बाप आहे मी."

दोघंही दुकानात गेले. बाहेर उजेड होता, आत अंधारलं होतं. आत पाऊल टाकताच तो झेंडूचा वास आला, आणि त्याखाली ओल्या मातीचा. उकंडरावांनी वायर लावली, व्हिडिओ लावला. मन घट्ट केलं. खोक पाहायची होती, मिटलेला डोळा पाहायचा होता.

पडद्यावर पाठ होती.

स्टूल, तोरण, वर केलेले हात. कान नाही, गाल नाही. पहिल्या दिवसासारखी सरळ पाठ. उकंडरावांनी बायकोचा दंड धरला. जन्मात त्यांनी कोणासमोर असा आवाज काढला नव्हता.

"पाह्य! पाठ आहे! पाह्य नं, पाठमोरा आहे! तुले भास झाला वं, भास झाला. आहे आपला पोरगा..."

कौशल्याबाई वाकून पाहत होत्या. बराच वेळ पाहत होत्या.

"आपला पोरगा तं तोंड दाखवून गेला हो," त्या पुटपुटल्या. "हा शेखर नाई."

"सदरा त्याचाच आहे."

"सदरा असन. न्हाऊमाखू घातलेली पाठ मले समजत नाई का?" त्यांचा आवाज अगदी खाली आला. "हा... दुसराच कोनी उभा हाय."

उकंडरावांनी नीट पाहिलं. खांदे अरुंद होते. मानेवर केस जास्त होते. पोरगा लहान होता, मिसरूड फुटायच्या वयाचा असावा. त्यांनी हात पुढं केला, वायरीकडं. कौशल्याबाईंनी तो मध्येच धरला.

"राहू द्या."

"कौशल्या..." त्यांनी बायकोला नावानं हाक मारली. "बंद करू दे."

"कोनाचा तरी हाय तो. त्याचीबी माय कुठं कुलपाशी बसली असन."

त्या खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. पदर नीट केला. आणि त्याच आवाजात, जशी दसऱ्याला मारली होती तशीच, हाक मारली.

"बाळा... इकडे पाह्य नं रे."

तोरण बांधणारे हात थांबले.

तेव्हा उकंडरावांचं लक्ष त्या पोराच्या पलीकडं गेलं. दसऱ्याला दुकानाच्या उघड्या दारातून आत नुसता अंधार दिसत होता. आता त्या अंधारात पाठी दिसत होत्या. एकीमागं एक, पार आत, जिथं दुकान संपून भिंत लागायला हवी तिथपर्यंत. बायकांच्या, पुरुषांच्या. एक पाठ फार छोटी होती. सगळ्या अगदी गप उभ्या होत्या, आणि सगळ्यांनी ती हाक ऐकली होती.