सूनबाईचा संगणक का तापतो?

"संध्याकाळपर्यंत पुलाचा आराखडा गेला नाही, तर माझी नोकरी गेली," सूनबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "आणि मोठी फाइल उघडली की प्रोसेसर तापतो, संगणक बंद!"

गुप्तहेरबाई सोफ्यावर टेकल्या. सोफा करकरला. शेजारी त्यांचे मेहुणे, म्हणजे मास्तर, नवा चष्मा पुसत बसले. सकाळपासून त्यांना जग धुक्यात दिसत होतं. डॉक्टरला नंबर कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"प्रोसेसरवर नवा पंखा बसवल्यापासून."

"मग पंखाच चोर!" मास्तर म्हणाले.

पंखा तर ऐटीत फिरत होता. जाळीवर धुळीचा कण नव्हता.

सासूबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतल्या रिमोटचं बटण पिशवीवरूनच दाबून टीव्ही बंद केला. "दिवसभर राबवते हो त्या संगणकाला. माणूससुद्धा तापेल!"

"मी नाही," नवरा घाईनं म्हणाला. "या घरात नव्या वस्तूला हात लावायची मला बंदी आहे."

"पंखा मी बसवला," सासरे छाती पुढे काढून म्हणाले. "दुकानदारानं दिला तस्सा आहे. एक ओरखडा नाही!"

मास्तर कुजबुजले, "ताई, सासूच. हेतू उघड आहे."

"मास्तर, तुमच्याखाली काय करकरतंय?"

"सोफा."

"सोफ्यावरचं प्लास्टिक. रिमोट पिशवीत. पंखा फिरतोय, धूळ नाही, तरी प्रोसेसरची उष्णता पंख्याखालच्या धातूच्या ठोकळ्यात जात नाही. म्हणजे दोघांच्या मध्ये कुणीतरी उभं आहे. या घरात नव्या वस्तूचं आवरण कोण काढतं?"

"कुणीच नाही," नवरा म्हणाला.

बाईंनी संगणक बंद करून स्क्रू काढले, ठोकळा उलटा केला आणि कडेला नख लावलं. पारदर्शक पापुद्रा सुटून आला. त्यावर छापलं होतं : 'बसवण्यापूर्वी काढा.'

"वाचलं होतं मी," सासरे पडेल आवाजात म्हणाले. "पण ठोकळा उघडा पडून खराब झाला असता ना!"

पंख्यासोबत आलेल्या नळीत उरलेली उष्णतावाहक पेस्ट लावून बाईंनी ठोकळा पुन्हा बसवला. सूनबाईनं फाइल उघडली. संगणक थंड डोक्यानं चालला आणि उजेड असतानाच आराखडा गेला. सासऱ्यांनी पापुद्रा घडी घालून खिशात ठेवला.

"काय एकेक माणसं!" जिना उतरताना मास्तर हसले. लगेच त्यांची एक पायरी चुकली. "डॉक्टरनं नंबर मात्र चुकवलाय, ताई."

बाई थांबल्या. त्यांनी मास्तरांच्या चष्म्याच्या काचांना नख लावलं. सर्र! सर्र! दोन पापुद्रे सुटले आणि धुकं विरलं.

मास्तरांनी समोरच्या पायऱ्या एकेक करून मोजल्या.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "टाकू नका हं ते. इकडे द्या."