तेरावं जोतं

हे माझ्याच बाबतीत घडलंय. यंदा, सतरा एप्रिलला, भर दुपारी, खालापूरच्या वरच्या डोंगरात.

मी दहिवलीत राहतो. संध्याला, माझ्या बायकोला, जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. घरात बसवत नव्हतं म्हणून एक काम घेतलं. १९५१ च्या जनगणनेतल्या काही वाड्या नकाशावर चुकीच्या जागी पडल्यात. तिथं जाऊन मोबाईलवर खऱ्या जागेची खूण करायची.

या डोंगरातल्या वाडीची नोंद होती… घरं बारा, माणसं एकसष्ट.

वाट दाखवायला पदूबाबा आले. तापाच्या साथीत त्यांची वाडी तिथून उठून खाली वसली होती.

"येताना नावबी खाली आणलं," ते म्हणाले. "वर त्या नावाची खूण करू नका."

"नोंद जुनी आहे बाबा. जागाही जुनीच लागणार."

"मेलेली मानसं मोजायचा पगार मिळतो व्हय, सायब?"

हसले. पण वर पोचल्यावर जुन्या वाडीच्या आत आले नाहीत. कडेच्या आंब्याखाली बसले.

घरांची फक्त जोती उरली होती. मोजली. बारा. मधोमध उभा राहून खूण केली.

आणि… पाखरं गप्प झाली.

आंब्याकडे निघालो. पोचलो पहिल्या जोत्यावर.

पुन्हा निघालो. पुन्हा तेच जोतं.

मोबाईलवरचा माझा निळा ठिपका हलत नव्हता. पदूबाबांच्या हाका अगदी जवळून येत होत्या. माणूस दिसत नव्हता.

मग मागून… म्हातारीचा आवाज.

"घरात मानसं किती रं?"

मागे कुणीच नव्हतं.

"किती?"

तोंडातून निघून गेलं, "दोन."

संध्या गेल्यापासून मी सगळ्यांना तेच सांगतो. दूधवाल्यालासुद्धा.

शेणाचा ओला वास आला. समोर एक जोतं… ताजं सारवलेलं.

तेरावं.

तेवढ्यात पदूबाबांनी दंड धरून मला बाहेर ओढलं.

"दोन तास हाका मारतोय! कुनी काय इचारलं का?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"घरी किती मानसं हायत खरं?"

"मी एकटाच."

"मंग माघारी फिरा. एक म्हनून सांगा. नायतर ती वरची मानसं सोडायची नायत."

जोत्यांच्या कडेला जाऊन उभा राहिलो. तोंड उघडलं.

शब्द निघाला नाही.

आज दोन महिने झाले. दहिवलीत बसून लिहितोय. मोबाईलवर मी अजून वरच आहे… तेराव्या जोत्यावर. नवा मोबाईल घेतला. त्यातही तिथंच.

काल घरात शेणाचा ओला वास होता. आमच्याकडे फरशी आहे.

पदूबाबांचा निरोप येतो, एकच तर शब्द बोलायचाय.

दोनदा पायथ्यापर्यंत जाऊन आलो.

नाही बोलवत.