सखल भागातली माणसं

टोकियोतल्या निशी-कसाई स्टेशनाबाहेर पावसाची भुरभुर लागली होती. दुधाचा खोका घेऊन सुरुची कोंबिनीतून, त्या चोवीस तास उघड्या दुकानातून, बाहेर आली, तर दाराशी ठेवलेल्या पारदर्शक छत्र्यांतली तिचीच छत्री कुणी एक उंच तरुण उघडत होता.

"मेल्याला माझीच मिळाली," ती पुटपुटली.

"माफ करा हं... सगळ्या सारख्याच दिसतात," तो स्वच्छ मराठीत म्हणाला.

सुरुचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दोघंही हसले आणि एकाच छत्रीतून निघाले.

तो राजस. देशोदेशींच्या लोकसमूहांची नावं कुठून आली, यावर तो टोकियोत पीएच.डी. करत होता. ती पॉलिमरवर संशोधन करायची. जपानमधल्या मोठ्या भूकंपाला तीन वर्षं झाली होती. घरचे अजूनही 'परत ये' म्हणायचे. राजस भेटल्यापासून मात्र तिला परतायची मुळीच घाई नव्हती. रविवारी ती पोह्यांचा डबा घेऊन अराकावा नदीच्या बांधावर त्याला भेटायला जायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि मग कोपनहेगनहून इंगे आली.

राजसच्या प्रबंधातलं एक प्रकरण 'डेन', म्हणजे डेन्मार्कचे लोक, या शब्दावर होतं, आणि इंगे त्यातली जाणकार. मग काय... इंगे असं म्हणाली, इंगेला हे पटत नाही, इंगेने जुना संदर्भ काढला. सुरुची 'हो का?' म्हणायची आणि डब्याचं झाकण जरा जोरातच लावायची.

एका शनिवारी तिघं जेवायला भेटली. इंगे देखणी होती, मोकळं हसायची. राजसच्या ताटातली भजी तिने न विचारता उचलली, तेव्हा सुरुचीने आपलं ताट जरा स्वतःकडे ओढलं. आपणही काही कमी नाही हे दाखवायला ती म्हणाली, "डेन हे नाव दान नावाच्या राजावरून पडलं ना?"

"ती आमची जुनी दंतकथा," इंगे प्रेमाने म्हणाली. "लहानपणी मलाही खरी वाटायची."

राजस हसला. सुरुचीला ते हसू फार लागलं.

निघताना इंगेने सहज सांगितलं, की राजसला कोपनहेगनला वर्षभराची जागा मिळतेय; होकार तेवढा बाकी आहे.

ती गेल्यावर दोघं बांधाकडे चालू लागले.

"अभिनंदन," सुरुची म्हणाली.

"मी आजच सांगणार होतो."

"त्या शब्दाचा खरा अर्थ काय, तेवढं सांग. म्हणजे मी मोकळी."

"खात्रीने कुणालाच माहीत नाही. बऱ्याच जणांना वाटतं, मूळ अर्थ सखल, सपाट जमीन. डेन म्हणजे सखल भागात राहणारे." त्याने बांधाखालच्या घरांकडे हात केला. "हा आपला भाग भरतीच्या पाण्याहूनही खाली आहे. त्या हिशेबाने तू इंगेपेक्षा पक्की डेन."

"गोड बोलू नकोस. मला राग आलाय. ती तुझ्या ताटातलं खाते, याचा. तुमच्या बोलण्यात मला शिरता येत नाही, याचा. शहाण्या मुलीने असं जळू नये, कळतं मला... पण जळतेय."

राजस थांबला. चेष्टा करायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. तिचे डोळे पाहून त्याने ते गिळलं.

"होकार का दिला नाही, विचारलंस?"

"का?"

"तुला सोडून वर्ष काढायचं माझ्याच्याने होईना. लग्न करून जाऊ या, सुरुची. तुला तिकडे काम मिळेपर्यंत मी थांबेन. नाहीच मिळालं, तर जाणार नाही."

सुरुचीने ओढणीने नाक पुसलं. मग हात पुढे केला.

"फोन दे तुझा."

"कशाला?"

"आपलं लग्न ठरलं, हे इंगेला मी सांगणार," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून नंबर शोधू लागली.