नियमात साक्षगंध नव्हतं

डिसेंबर १९७१. तिगावच्या स्टेशनवर जखमी जवानांची गाडी वीस मिनिटं थांबणार होती. का थांबणार, हे स्टेशनमास्तरांनाही माहीत नव्हतं. पण थांबणार हे नक्की होतं, आणि गावाला तेवढं पुरेसं होतं. सरपंच गजाननरावांनी भाषण लिहून काढलं. ते अठरा मिनिटांचं झालं. उरलेल्या दोन मिनिटांत संत्री वाटायची, असं सर्वानुमते ठरलं.

संत्री दोन बैलबंड्या भरून होती आणि ती रघुनाथच्या वडलांच्या बागेतली होती. रघुनाथ पंचवीस वर्षांचा, पांढुर्ण्याच्या शाळेत भूगोलाचा मास्तर. जगातल्या सगळ्या नद्या त्याला तोंडपाठ होत्या. स्वतः तो जाम नदीच्या फारसा पलीकडे गेला नव्हता. पहिली टोपली डब्यात द्यायचा मान त्याला मिळाला होता.

गाडी आली. हळूहळू, दमलेल्या माणसासारखी. दार उघडलं आणि दारात एक मुलगी उभी राहिली. पांढरा गणवेश, खांद्यावर दोन तारे, बाहीवर वाळलेला डाग. डोळे असे, की तीन रात्री झोपलेले नाहीत आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नाही.

रघुनाथनं पाठ केलेलं हिंदी सुरू केलं, "महोदया, हम समस्त ग्रामवासियों की ओर से..."

तिनं टोपलीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"सोलले नाहीत?"

"जी...?"

"संत्रे जी! सोलले काहून नाहीत? आत बासष्ट जण आहेत. त्यातल्या निम्म्यांचे हात प्लास्टरमधी. ते काय दातानं सोलतीन?"

रघुनाथचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही... इकडच्याच?"

"सौंसरची. आता तोंड बंद करा अन् सोलाले बसा. तिकडं भाषण कोण करून राहिलं? त्यायलेही बसवा."

गजाननराव दुसऱ्या पानावर होते. ते बसले. मागोमाग अख्खी स्वागत समिती फलाटावर मांडी घालून बसली आणि संत्री सोलू लागली. स्वागत समितीनं स्वतःच्या हातानं काही काम केल्याची आमच्या भागातली ती बहुधा पहिलीच नोंद.

रघुनाथ डब्यात चढला. डेटॉलचा वास, आणि त्यावर हळूहळू पसरत जाणारा सालींचा वास. दोन्ही हात बांधलेल्या एका सरदारजींना त्यानं फोड भरवायला घेतली. मागून आवाज आला, "बिया?"

"अं?"

"बिया कोण काढन? मी?"

त्यानं बिया काढल्या. ती हसली... म्हणजे ओठांचा एक कोपरा तेवढा हलला. ड्यूटीवर असल्यामुळे अर्धंच. रघुनाथच्या हातातली पुढची फोड खाली पडली. त्यानं ती उचलली, फुंकली, तिच्याकडे पाहिलं आणि गुपचूप खिशात टाकली.

गाडी कधी सुटली ते त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा खिडकीतून पांढुर्ण्याचं स्टेशन मागं पळत होतं.

"माझी शाळा गेली..." तो म्हणाला.

"पांढुर्णं गेलं. आता डायरेक्ट नागपूर," ती एकाची नाडी मोजता मोजता म्हणाली. "शाळा उद्याही तिथंच राहीन. अजून पाच टोपल्या बाकी आहेत. नाव काय तुमचं?"

"रघुनाथ. मी..."

"मास्तर आहा. समजलं ते."

"कसं काय?"

"एक फोड सोलाले एक मिनिट, अन् ती कशी सोलली हे त्या जवानाले समजवाले पाच."

"आणि तुमचं नाव?"

"लेफ्टनंट वच्छला."

"वच्छला," तो म्हणाला.

"लेफ्टनंट राहूनच गेलं," ती म्हणाली. पण कोपरा पुन्हा हलला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी गैरहजेरीचं लेखी कारण मागितलं. रघुनाथनं लिहिलं, 'युद्धावर होतो.' एक किरकोळ रजा मंजूर झाली.

लढाई तेरा दिवसांत संपली, असं पुस्तकात आहे. वच्छलाच्या वॉर्डात ती उन्हाळ्यापर्यंत चालू होती. नागपूरजवळच्या लष्करी दवाखान्यात तिची चाळीस माणसं होती: कुणी कुबडीवर पहिलं पाऊल टाकत होतं, कुणी डाव्या हातानं आईला पत्र लिहायला शिकत होतं. रघुनाथ दर रविवारी पॅसेंजरनं जायचा आणि ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रं लिहून द्यायचा. फाटकावर रजिस्टर होतं. त्यात 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. दर रविवारी तिथं रघुनाथचं पेन अडायचं. पाचव्या रविवारी वच्छला मागून आली, त्याच्या हातातून पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं – 'ठरायचं आहे'. शिपायानं शिक्का मारला.

त्या दिवशी रघुनाथनं एका जवानाच्या बायकोला लिहायचं पत्र दुसऱ्या जवानाच्या बायकोच्या नावानं लिहिलं, आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या. दोघीही खूश झाल्या, असं नंतर कळलं.

दोन्हीकडं शेती, दोन्हीकडं कपाशी आणि संत्री. घरच्यांना आक्षेप घ्यायला जागाच नव्हती. फाल्गुनात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. ओटी, अंगठी, जेवणं, आणि त्याच बैठकीत लग्नाची तिथी. चार दिवस आधी वच्छलानं निरोप पाठवला, जामसांवलीला भेटा.

जामसांवलीचा मारुती आडवा झोपलेला आहे. त्यामुळे माणसाला आपलं गाऱ्हाणं निवांत सांगता येतं. पण वच्छला देवाशी बोलायला आली नव्हती.

"मास्तर, एक सांगाचं राह्यलं. नियम आहे. नर्सिंग अफसरनं लग्न केलं, की नोकरी संपली."

"कोणाची?"

"तिची. मंग काय तुमची?"

"आणि पुरुष अफसरनं केलं तर?"

"त्याले क्वार्टर मोठं भेटते."

पिंपळाची पानं सळसळली. 

"राजीनामा लिहून आणला मी," ती म्हणाली. "पर्समधी आहे."

"द्यायचा आहे?"

ती खाली पाहत राहिली. तीन रात्री न झोपता तक्रार न करणारे ते डोळे... आता भरले होते. "माह्या वॉर्डातला एक जण काल दारापर्यंत चालला, मास्तर. सात पावलं. मी मोजली. मी गेली तर... दुसरी येईन, मोजणारी. पण मले मोजाची आहेत ना."

"म्हणजे द्यायचा नाही."

"नाही."

"आणि लग्न?"

"करायचं आहे," ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली, की लेफ्टनंट त्यात कुठेच नव्हती.

आता रघुनाथच्या हातात सगळं होतं. 'सोडा नोकरी' एवढं तो म्हणाला असता, तर तिनं ऐकलं असतं. तो आयुष्यभर सुखी झाला असता आणि तीही झाले असं म्हणाली असती. आमच्याकडं सुखी संसार बहुतेक असेच होतात.

"नियम नीट सांगा," तो म्हणाला. "लग्न झालं की, असंच लिहिलं आहे?"

"हाव."

"साक्षगंधाचं काही?"

"दिल्लीवाल्याइले साक्षगंध काय माहीत?"

"मग करून टाकू."

"काय?"

"साक्षगंध. नियमात नाही ते."

ती त्याच्याकडं पाहतच राहिली. "अन् लग्न?"

"नियम बदलला की."

"अन् नाही बदलला तं?"

"कधी तरी रिटायर व्हालच ना."

"मास्तर! म्हातारी होईन मी!"

"मी काय तोवर तरणा राहणार आहे? जोडा शोभून दिसेल."

ती हसली. या वेळी पूर्ण. रघुनाथनं ते हसू पाहिलं, आणि आपण फार मोठा त्याग वगैरे करतो आहोत अशी जी एक शंका त्याला येत होती, ती तिथल्या तिथं मिटली.

साक्षगंध थाटात झालं. रघुनाथची आई, इंदूबाई, हिनं सुनेची ओटी भरली, तोंडात साखर घातली आणि विचारलं, "अन् लग्नाची तिथी?"

"सरकार कळवणार आहे," रघुनाथ म्हणाला.

इंदूबाई पुढची सात वर्षं मुलाशी बोलली नाही. जे सांगायचं ते गोठ्यातल्या बैलाला सांगायची, मोठ्यानं. "सांग त्याले, भाकर झाली." गावानं मात्र ही गोष्ट मनापासून स्वीकारली. पांढुर्ण्यात एखादं काम रखडलं, की 'रघुनाथ मास्तरचं लग्न झालं राजे हे' असं लोक म्हणू लागले. पांढुर्णा आता जिल्हा झाला, पण जुनी माणसं नव्या इमारतींकडं बघून अजून तसंच म्हणतात.

वच्छलाच्या बदल्या होत राहिल्या. जम्मू, जोरहाट, जोधपूर, झाशी. मास्तर भूगोल शिकवताना नकाशावर काठी ठेवायचे तीही नेमकी तिथंच. आमच्या वर्गाला जोरहाटचं हवामान झोपेतही सांगता यायचं. पूर्व किनारपट्टी मात्र कच्ची राहिली, कारण तिकडं वच्छलाबाईंची बदली झाली नाही.

पत्रांचे मायने बदलत गेले: लेफ्टनंटसाहेब, कॅप्टनसाहेब, मेजरसाहेब. तिकडून मात्र कायम 'मास्तर'. वर्षातून एकदा ती सुटीवर सौंसरला यायची. दोघं पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर चहा प्यायचे. अर्धा अर्धा कप, चार वेळा.

सहाव्या वर्षी तिनं लिहिलं, 'मास्तर, दुसरी पाहून घ्या. मी रागावणार नाही.'

मास्तरांनी पोस्टकार्ड टाकलं. पोस्टकार्ड असल्यामुळं ते आधी पोस्टात सर्वांनी वाचलं. 'पाहिली. आवडली नाही.'

तारेनं उलट प्रश्न आला, 'कोणती?'

'कोणतीही,' मास्तरांनी कळवलं.

त्यानंतर हा विषय निघाला नाही.

सातव्या वर्षी उन्हाळ्यात, एका दुपारी मुलताईकडचा एक माणूस तिगावला आला. एक पाय लाकडी. दारात उभा राहून त्यानं विचारलं, "वच्छला सिस्टरचं सासर हेच काय?"

इंदूबाई पदर सावरत बाहेर आली. "हेच म्हणा," ती म्हणाली.

"त्याइनं मले चालाले शिकवलं, माय. चार महिने. मी शिव्या देत जाव, अन् त्या मोजत जात. मुलगी झाली मले. तिचं नावही वच्छलाच ठेवलं. पाया पडाले आलो. त्या नाहीत, तं तुमच्या पडतो."

तो वाकू लागला. वाकणं त्याला सोपं नव्हतं. इंदूबाईनं त्याला मधेच धरलं, पाटावर बसवलं, पुरणपोळी करून जेवू घातलं. तो गेल्यावर ती गोठ्याकडं वळली आणि मग थबकली. मुलाच्या समोर येऊन उभी राहिली.

"रघुनाथ, तिले सांग, नोकरी सोडू नको. मी थांबीन."

ती थांबली. वयाच्या सत्त्याहत्तरीपर्यंत, काठी टेकत.

पंच्याण्णव साल. शाळेच्या ऑफिसातला फोन वाजला. हेडमास्तर आता रघुनाथरावच होते.

"मास्तर?"

"बोला, कर्नलसाहेब."

"गेला."

"कोण?" ते घाबरून उभेच राहिले.

"नियम."

क्लार्कनं टायपिंग थांबवलं.

"मग...?" रघुनाथराव म्हणाले.

"मग काय? मीच विचारू? इथं अख्खं ऑफिस ऐकून राह्यलं, मास्तर."

"इथंही ऐकून राहिलं आहे."

"मग ऐकू द्या. लग्न करता काय?"

रघुनाथरावांनी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. अक्षरं दिसेनात. चष्मा पुसला, तरी दिसेनात. "पुढच्या आठवड्यात घटक चाचणी आहे," ते म्हणाले. "ती झाली की... चालेल."

नवरदेव एकोणपन्नास, नवरी सेहेचाळीस. गावात एकही पाहुणा असा नव्हता, ज्यानं या लग्नावर कधी ना कधी विनोद केला नव्हता. सगळे आले, आणि अक्षता टाकताना एकाच्याही तोंडून विनोद निघाला नाही. इंदूबाईनं सून घरात घेताना तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "लय उशीर केला वं सरकारनं."

सुटी चारच दिवसांची होती. पाचव्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याच्या फलाटावर दोघं उभे होते. तिच्या अंगावर गणवेश, आणि कॉलरच्या आत, दिसेल न दिसेलसं, काळ्या मण्यांचं मंगळसूत्र. ट्रंक मास्तरांनी उचलून डब्यात ठेवली. हमालाला हात लावू दिला नाही.

ती दारात उभी राहिली. "मास्तर, तुमचे आभार मानू काय?"

"घरच्यांचे मानत नाहीत."

"मग काय करू?"

"पोहोचल्यावर पत्र टाका. आणि मोजत राहा."

गाडी हलली. ती हात हलवत राहिली... वळण येईपर्यंत. रघुनाथराव तसेच उभे होते. बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका परक्या गृहस्थानं चष्म्यावरून पाहिलं.

"मिलिटरीतल्या दिसतात. कोण होत्या?"

वाक्य तेवीस वर्षं तयार होतं. रघुनाथराव खाकरले.

"बायको आहे माझी," ते म्हणाले. "ड्यूटीवर चालली."

"असं," म्हणून गृहस्थानं पुन्हा पेपर वर धरला.

मग रघुनाथरावांनी हमालालाही सांगितलं. त्यानं काही विचारलं नव्हतं.