एक पॉइंट चारची फळी

या, जरा जवळ सरकून बसा. देव दोन माणसांची गाठ घालतो, तेव्हा निमित्त कशाचं करील सांगता येत नाही. इथे त्यानं केलं एका चुकलेल्या मापाचं. तीच गोष्ट सांगायचीय.

पाचवीच्या बाईंना वर्गातल्या कोनाड्यात पुस्तकांसाठी फळ्या हव्या होत्या. चिठ्ठीत त्यांनी लिहिलं, लांबी १.४ मीटर. नवा सुतार आठ फळ्या कापूनच घेऊन आला. पहिली लावून बघितली, तर दीड वीत जागा मोकळीच.

“चिठ्ठीत एक मीटर चार आहे,” तो म्हणाला. “एक मीटर, चार सेंटीमीटर. आम्ही फूट-इंचवाले, बाई... पण एवढं येतं वाचता.”

“एक पॉइंट चार, मिस्त्री. मीटरचे दहा भाग करा, त्यातले चार. म्हणजे एकशे चाळीस सेंटीमीटर.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाई रागावणारच होत्या. पण आदल्याच दिवशी त्यांच्या वर्गानं ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं ठरवलं होतं. का, तर चारापेक्षा पस्तीस जास्त.

“तुम्ही माझ्याच वर्गात शोभाल,” बाई म्हणाल्या.

“मग बसू मागच्या बाकावर?”

आणि बसला की खरंच... गुडघे बाकाला टेकवून.

दुसऱ्या दिवशी त्यानं आखूड फळ्या बरोबर मीटरभर करून आणल्या. प्रत्येकीवर दहा भाग, प्रत्येक भागात दहा बारीक रेघा. मुलांनी बोटं ठेवून मोजलं. ०.४ म्हणजे चार मोठे भाग. ०.३५ म्हणजे तीन मोठे, वर पाच बारीक.

“बाई, पस्तीस नुसतं लांबलचक दिसतं,” एक चिमुरडी म्हणाली, “आहे बुटकंच.”

शाळाभर त्याला सुतारदादा म्हणत. बाईंची जीभ काही ‘दादा’ म्हणायला वळेना.

“मिस्त्री, कोनाड्यातली ही नवी फळी तिरकी वाटते.”

“कालच तपासली, बाई. सरळ आहे.”

“असेल... तरी उद्या एकदा बघा.”

तो उद्या येऊन बघे.

असं करत शनिवार उजाडला. काम संपलं. सोमवारपासून त्याला दुसऱ्या गावी वर्षभराचं काम होतं. आज बोलला नाही, तर राहूनच जाणार होतं. मुलं घरी गेल्यावर त्यानं खडू उचलला आणि फळ्यावर ०.९ लिहिलं.

“एकाच्या जवळ आहे ना, बाई?”

“आहे.”

“आणि ०.९९?”

“आणखी जवळ.”

त्यानं अजून एक नऊ लिहिला... मग अजून एक.

“असे नऊ मांडत कितीही चाललात, तरी थांबाल तिथे थोडं अंतर उरेलच,” बाई हळूच म्हणाल्या.

“मग पोचायचं कसं?”

“नऊ मांडणं सोडून विचारायचं.”

तो खडूसकट बाईंकडे वळला.

“माझ्याशी... लग्न कराल?”

बाईंनी डस्टरनं सगळे नऊ पुसले, त्याच्या हातातला खडू घेतला आणि तिथे ठसठशीत एक काढला.

“उद्या घरी या,” त्या म्हणाल्या. “बाबांना भेटायला.”

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्यांचीही आठवण ठेवा, जे असेच अगदी जवळ येतात आणि न विचारताच मागे फिरतात.