अकरावा टेक

बुधवारी दुपारी शामरावांनी मुलीला, दीक्षाला, तिच्या आईच्या स्टुलावर बसवलं आणि एका वाक्यासाठी दहा टेक घेतले.

रायपूरच्या चौबे कॉलनीतलं ते स्वयंपाकघर दोन माणसांनीच भरायचं. त्यात उजेड परतवायला फ्रिजला टेकवलेला थर्माकोल, ओट्यावर दिवा, दारात कॅमेरा. रेल्वेची नोकरी सोडून हा माणूस पस्तीस वर्षं दिग्दर्शक म्हणून जगला होता. टीव्हीच्या मालिका, चौदा छत्तीसगढी सिनेमे, मग सरकारी खात्यांचे लघुपट. आणि आता, गेलेल्या बायकोवर, कलावतीवर, घरच्या घरी एक छोटी फिल्म. दीक्षानं म्हणायचं आईचं वाक्य साधं होतं : जेवण झाकून ठेवलं आहे.

"खोटं वाटून राहिलं," शामराव म्हणाले. "अजून एक."

"मग आईलेच बोलवा."

"तुही माय तर पहिल्याच टेकमध्ये ओके करायची."

दीक्षाच्या आयुष्यात कुठलीच गोष्ट एकदाच झाली नव्हती. लहानपणी बाबांच्या कॅमेऱ्यासाठी वाढदिवसाची मेणबत्तीसुद्धा तीनदा विझवावी लागे. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती, या वाक्यासाठी तिनं नवा रायपूरच्या ऑफिसातून सुट्टी काढली होती, आणि बादलीत कपडे भिजत पडले होते. दहाव्या टेकनंतर ती उठून कपडे धुवायला गेली.

गुरुवारी सकाळी शामराव उठलेच नाहीत.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणे, "बाबांशिवाय घर खायला उठतं." प्रत्येक वेळी तेच, त्याच स्वरात.

रविवारी बाबांचं पुण्यानुमोदन, बौद्ध रीतीची शोकसभा, होतं आणि तिथं ती फिल्म दाखवायची होती. शुक्रवारी एडिटर शेखरचा फोन आला. त्याची खोली पंडरीच्या कापडबाजारात, एका साडीच्या दुकानाच्या वर. दीक्षा दुपारीच गेली.

"दहापैकी कोणताही लाव न. संपव."

"सर ने किसी को ओके नहीं बोला, दीदी. और टेक ग्यारह भी है."

"अकरावा झालाच नाही. मी उठून गेली होती."

"हव," त्यानं मान डोलावली. "वही तो."

त्यानं फाइल उघडली. आधी क्लॅपची पाटी, तिच्यावर बाबांच्या तिरक्या अक्षरात अकरा. मग स्वयंपाकघर आणि रिकामं स्टूल. बाकी काही नाही.

"कल ये चार मिनट का था," शेखर म्हणाला. "आज नौ का है."

"डिलीट कर."

"तीन बार किया. दीदी, चौदा फ़िल्में की हैं मैंने सर के साथ. वो ओके न बोलें तब तक कैमरा कोई बंद नहीं करता था."

"गेलेल्या माणसाचे नखरे तू काहून पुरवून राहिला? जा, चहा पिऊन ये."

तो गेला. जाताना त्यानं दार लावून घेतलं.

तिनं आवाज वाढवला. कॅमेऱ्याच्या मागे कुणीतरी श्वास घेत होतं. नाकात बारीक शिट्टी वाजणारा, वाट पाहणारा श्वास. तो तिनं जन्मभर ऐकला होता. मिनिटांचा आकडा नवावरून दहावर गेला.

"जेवण झाकून ठेवलं आहे," ती वैतागून म्हणाली.

श्वास चालूच.

मग तिनं सगळ्यांना सांगितलेलं वाक्य म्हटलं. घर खायला उठतं, बाबा.

कॅमेऱ्यामागून 'च्' असा आवाज आला. खोटं पकडल्यावर बाबा जीभ टाळ्याला लावून करत, तसा.

एक बाई फ्रेममध्ये आली आणि स्टुलावर बसली.

अंगावर पांढरी साडी. पदराला दुकानाची चिठ्ठी तशीच. ती साडी दीक्षानं रविवारसाठी तासाभरापूर्वी खालच्या दुकानात घेतली होती. आता ती दीक्षाच्या मांडीवरच्या पिशवीत होती, घडी न मोडलेली.

बाईनं मान वर केली. चेहरा दीक्षाचाच होता.

श्वास थांबला.

बाईचे ओठ हलले. आवाज नव्हता.

मग दीक्षाचे ओठ हलले, आणि त्या बंद खोलीत तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"तुम्ही गेले तवा मले हलकं वाटलं, बाबा."